अपडेटनंतर अर्धं गेलं, अर्धं राहिलं: कोबोवर केलेले बदल कसे सांभाळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोबो लिब्रा २ हा ई-पुस्तकं वाचायचा रीडर. त्यावर मराठी वाचण्यासाठी दोन-तीन देवनागरी फॉन्ट, एक मराठी शब्दकोश, निकेलमेनू (कोबोत आपल्या नोंदींचा मेनू घालणारं साधन), केओरीडर (वाचनाचं वेगळं मोफत सॉफ्टवेअर) आणि कोबोपॅच (कोबोच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करणारं साधन) वापरून केलेले काही बदल, म्हणजे समास कमी करणं, खालची पट्टी बारीक करणं वगैरे. वाय-फाय चालू राहिलं, सिंक होताना फर्मवेअरचं, म्हणजे यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट उतरलं. नंतर प्रश्नकर्ते पाहतात तर फॉन्ट जागेवर, निकेलमेनू जागेवर, केओरीडरही उघडतंय, पण पॅचने केलेलं सगळं गायब. म्हणून संगणकावर जपून ठेवलेली जुनी पॅचची फाइल पुन्हा टाकली, तर रीडर सुरू होता होता परत परत बंद पडायला लागला. शेवटी बटणं दाबून फॅक्टरी रिसेट केला आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं. आता विचारणा अशी की अपडेट आणि रिसेट दोन्हींतून टिकेल असं काही करता येतं का, आणि रिसेटआधी अधोरेखित केलेल्या ओळी परत मिळतील का. कॅलिबरने (संगणकावर ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअर) घेतलेली विदासाठ्याची, म्हणजे रीडरमधल्या पुस्तकांच्या आणि टिपणांच्या नोंदी असलेल्या डेटाबेसची, एक जुनी प्रत हाताशी आहे.

अपडेटमधून बऱ्याच गोष्टी टिकतात. रिसेटमधून जवळजवळ काहीच टिकत नाही, आणि टिकावं म्हणून धडपडण्यात अर्थही नाही, कारण रिसेटचं कामच ते आहे. म्हणून कोणता बदल रीडरच्या कोणत्या भागात जाऊन बसतो हे ओळखायचं, जो टिकणार नाही तो पुन्हा बसवायचं साहित्य संगणकावर तयार ठेवायचं, आणि रीडरवर असलेली कुठलीही गोष्ट एकुलती एक असू द्यायची नाही.

कोबोच्या आत लिनक्स चालतं. साठवणीचे भाग पाडलेले असतात. केबल लावल्यावर संगणकावर जो ड्राइव्ह दिसतो तो त्यातला एक भाग, तुमच्या मालकीचा. पुस्तकं, फॉन्ट, लपलेले फोल्डर, विदासाठा हे सगळं त्यात. दुसरा भाग केबलवरून कधीच दिसत नाही. तिथे मूळ प्रणाली आणि निकेल राहतं. निकेल म्हणजे तुम्ही पडद्यावर जे पाहता ते सगळं: घर, ग्रंथालय, वाचनाचं पान, सेटिंग. त्याखेरीज एक भाग अडीअडचणीला प्रणाली पुन्हा उभी करता यावी म्हणून राखून ठेवलेला असतो.

आता अपडेट कसं बसतं ते पाहू. तुमच्या ड्राइव्हवर डॉट-कोबो नावाचा लपलेला फोल्डर आहे (नावाआधी टिंब आहे म्हणून डॉट, अर्थात यंत्रावर ही सगळी नावं रोमन लिपीत दिसतील). त्यात कोबोरूट.टीजीझेड या नावाची फाइल येऊन पडली, की पुढच्या वेळी सुरू होताना रीडर ती प्रणालीच्या भागावर उलगडतो आणि काम झाल्यावर फाइल पुसून टाकतो. लिब्रा २ सारख्या यंत्रांवर हे उलगडणं म्हणजे असलेल्यावर नवं पसरणं. आधीचं सगळं साफ करून मग नवं मांडणं नव्हे. ज्या फाइल्स अपडेटमध्ये आहेत त्यांच्या जुन्या प्रती बदलल्या जातात. ज्या अपडेटमध्ये नाहीतच, त्यांना कुणी हात लावत नाही.

तुमचं अर्धं का राहिलं याचं उत्तर इथेच आहे. फॉन्ट तुमच्या ड्राइव्हवर होते, तिकडे अपडेट फिरकलंच नाही. केओरीडर डॉट-अ‍ॅड्स नावाच्या फोल्डरमध्ये, तोही तुमच्याच ड्राइव्हवर. निकेलमेनू थोडा वेगळा. त्याच्या नोंदी डॉट-अ‍ॅड्समध्ये असतात, पण तो स्वतः लिबएनएम नावाची एक छोटी फाइल बनून प्रणालीच्या भागात बसतो, चित्रं उघडण्याची प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडलेले छोटे भाग) जिथे ठेवतात त्या फोल्डरमध्ये. निकेल सुरू होताना ती प्लगइन आपसूक उचलतं आणि त्यांच्याबरोबर हाही आत येतो. कंपनीच्या अपडेटमध्ये या नावाची फाइल नसते, म्हणून तो वाचतो. पॅच मात्र निकेलच्याच मुख्य फाइलमध्ये, लिबनिकेलमध्ये, फेरफार करतो. अपडेटमध्ये लिबनिकेल नव्याने येतं, जुनं जातं, आणि त्याच्याबरोबर तुमचे समासही जातात.

मग जुनी पॅचची फाइल टाकल्यावर रीडर का अडकला? कारण त्या फाइलमध्ये नुसते तुमचे बदल नव्हते. त्यात जुन्या आवृत्तीचं अख्खं लिबनिकेल होतं, बदल करून बांधलेलं. बाकीची प्रणाली नवी आणि मधोमध एक मुख्य फाइल जुनी असं झालं की निकेल उभं राहत नाही. कोसळतं, रीडर पुन्हा सुरू होतो, पुन्हा कोसळतं. यंत्र बिघडलेलं नसतं. पण निकेल उभं राहिल्याशिवाय केबल लावून ड्राइव्ह दिसत नाही, त्यामुळे चुकीची फाइल काढायलाही वाट उरत नाही, आणि माणूस रिसेटकडे वळतो.

या सगळ्या घोळाचं मूळ नावात आहे. कंपनीचं अपडेट, निकेलमेनू, पॅच, तिघांच्याही फाइलचं नाव एकच: कोबोरूट.टीजीझेड. संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अशा चार फाइल्स पडल्या की कोणती कशाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून दोन सवयी लावून घ्या. पहिली, प्रत्येक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरच्या नावात काय आहे ते आणि फर्मवेअरची आवृत्ती लिहा, उदाहरणार्थ ‘पॅच ४.३८.२३१७१ लिब्रा २’. फाइलचं नाव बदलू नका, फोल्डरचं बदला. दुसरी, टाकण्याआधी ती फाइल सेव्हन-झिपने किंवा तत्सम साधनाने उघडून आत डोकवा. आत लिबनिकेल नसून लिबएनएम दिसलं तर तो निकेलमेनू आहे. आत लिबनिकेल दिसलं तर ती फाइल एकाच आवृत्तीसाठी बनलेली आहे, आणि रीडरवर नेमकी तीच आवृत्ती नसेल तर तिला हात लावू नका. रीडरवरची आवृत्ती सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस इन्फर्मेशन’खाली मिळते, केबल लावलेली असेल तर डॉट-कोबोमधल्या ‘व्हर्जन’ नावाच्या छोट्या फाइलमध्येही ती असते.

मॅकवाल्यांसाठी जाता जाता: सफारी ब्राउझर कधीकधी टीजीझेड उतरवताच आपणहून अर्धवट उलगडून ठेवतो आणि टार नावाची फाइल हाती येते. ती डॉट-कोबोमध्ये टाकली तर काहीच घडत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. फाइल आहे तशीच हवी. आणि ती बसली की नाही ओळखायची सोपी खूण म्हणजे, रीडर पुन्हा सुरू झाल्यावर केबल लावून पाहा, डॉट-कोबोमधून फाइल नाहीशी झालेली असली पाहिजे.

निकेलमेनूबद्दल एक बारकावा सांगायला हवा, कारण ‘अपडेटनंतर मेनू गेला’ या तक्रारीमागे अनेकदा अपडेट नसतंच. हा मेनू सुरू होताना आधी स्वतःच्या फाइलचं नाव बदलून घेतो. निकेल व्यवस्थित चालू झालं आणि थोडा वेळ टिकलं, की मूळ नाव परत लावतो. मधल्या वेळात निकेल कोसळलं तर बदललेलं नाव तसंच राहतं, पुढच्या वेळी निकेलला तो सापडत नाही, आणि रीडर त्याच्याविना नीट सुरू होतो. माझ्या मते कोबोवरच्या सगळ्या बाहेरच्या साधनांमध्ये हा सर्वांत जबाबदारीने लिहिलेला भाग आहे. पण याचा अर्थ असाही की रीडर चालू झाल्या झाल्या कुणी बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद केला, तर मेनूला वाटतं की निकेल कोसळलं. अशा वेळी घाबरण्यासारखं काही नाही. त्याची फाइल पुन्हा टाका. डॉट-अ‍ॅड्समधल्या तुमच्या नोंदी तशाच असतात.

लिब्रा २, क्लारा २ई, क्लारा एचडी यांचं असं चालतं. २०२४ साली आलेल्या लिब्रा कलर, क्लारा कलर या पिढीत अपडेट बसवण्याची पद्धत बदलली आहे. तिथे प्रणालीच्या भागात बसवलेलं काहीही अपडेटनंतर पुन्हा टाकावं लागेल असं धरूनच चला आणि निकेलमेनूची फाइल हाताशी ठेवा. तुमच्या ड्राइव्हवरच्या गोष्टींना तिथेही अपडेट धक्का लावत नाही.

आता कोणता बदल कुठे करायचा ते. माझा नियम साधा आहे: जे काम वरच्या वर होतं त्यासाठी खोल शिरायचं नाही. पूर्वी ज्याला पॅच लागायचा असं बरंच काही आता कंपनीने दिलेल्या जागेतच होतं. फॉन्टसाठी ड्राइव्हवर ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर करायचा, त्यात फाइल्स टाकायच्या, झालं. झोपलेल्या रीडरच्या पडद्यावर आपलं चित्र हवं असेल तर डॉट-कोबोच्या आत ‘स्क्रीनसेव्हर’ नावाच्या फोल्डरमध्ये चित्र ठेवा. शब्दकोशाचीही तीच गोष्ट. पूर्वी लोक आपला शब्दकोश एखाद्या न लागणाऱ्या परभाषेच्या शब्दकोशाच्या नावाने दडवून ठेवत. मग सिंक झालं की रीडर तो ‘दुरुस्त’ करून मूळ प्रत परत आणत असे. फर्मवेअर ४.२४ पासून डॉट-कोबोमध्ये ‘कस्टम-डिक्ट’ नावाचा वेगळा फोल्डर चालतो आणि त्यातल्या शब्दकोशांकडे सिंक बघत नाही. तुमचा मराठी शब्दकोश अजून जुन्या पद्धतीने दडवलेला असेल तर आता इकडे हलवा.

यानंतर येते सेटिंगची फाइल. डॉट-कोबोच्या आत ‘कोबो’ फोल्डर, त्यात ‘कोबो ई-रीडर.कॉन्फ’. साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. त्यातले बदल अपडेटमधून टिकतात. तीन ओळी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ‘फीचर सेटिंग्ज’ या मथळ्याखाली ‘एक्सक्लूड सिंक फोल्डर्स’ची ओळ घातली की निकेल केओरीडरच्या फोल्डरमध्ये पुस्तकं शोधत फिरत नाही. फर्मवेअर ४.१७ पासून निकेल लपलेले फोल्डरही चाळतं, त्यामुळे ही ओळ नसेल तर केओरीडरची बारीकसारीक चित्रं ग्रंथालयात पुस्तकं म्हणून येऊन बसतात. रिसेटनंतर ‘माझ्या ग्रंथालयात हा कचरा कुठून आला’ असं विचारणाऱ्यांची बहुधा हीच ओळ राहून गेलेली असते. (केओरीडर आणि निकेलमेनू एकत्र बसवणारी तयार स्क्रिप्ट वापरली तर ती ओळ आपणहून घातली जाते.) त्याच मथळ्याखाली ‘एक्स्पोर्ट हायलाइट्स’ ट्रू केलं की पुस्तकाच्या मेनूत अधोरेखितं मजकुराच्या फाइलमध्ये काढण्याची सोय येते. आणि ‘अ‍ॅप्लिकेशन प्रेफरन्सेस’खाली ‘साइडलोडेड मोड’ ट्रू केलं तर रीडर खात्याशिवाय चालतो. दुकानातून पुस्तकं घेतच नसाल तर याचा मोठा फायदा म्हणजे सिंक नाही, त्यामुळे नकळत उतरणारं अपडेटही नाही.

ही फाइल बदलताना केबल लावलेली असताना बदला, जतन करा आणि नीट ईजेक्ट करूनच केबल काढा. ड्राइव्हची मांडणी फॅट३२ प्रकारची आहे. घाईत उपटलेली केबल अर्धी लिहिलेली फाइल मागे ठेवून जाते, आणि ती सेटिंगची फाइल किंवा विदासाठा असेल तर मग दोष अपडेटच्या माथी मारला जातो.

पॅच सर्वांत शेवटी. मी स्वतः पॅचपासून दूर राहतो, कारण समास आणि ओळींमधलं अंतर यासाठी मला केओरीडर पुरतं. पण निकेलमध्येच वाचायची सवय असेल आणि पॅचशिवाय करमत नसेल, तर नव्या आवृत्तीचा पॅच तयार झाल्याशिवाय अपडेट घेऊ नका. कोबोपॅचचा संच दर आवृत्तीसाठी वेगळा निघतो, आणि अपडेट आल्यानंतर तो तयार व्हायला वेळ लागतो. तोवर वाय-फाय बंद ठेवणं हा सगळ्यात बिनधोक उपाय. आणि कोणते पॅच चालू केले होते त्याची यादी ठेवा. नव्या आवृत्तीत जुनी बांधलेली फाइल कामाची नाही. ती यादीच कामाची असते.

केओरीडरच्या आतही हीच गोष्ट पुन्हा घडते, आणि तिथे फसणारे जास्त, कारण केओरीडर स्वतःही अपडेट होतं. त्याच्या आवृत्त्या वर्ष आणि महिना अशा क्रमांकाने निघतात. अपडेट करताना ते स्वतःच्या फाइल्स बदलतं. तुम्ही त्याच्या मूळ लुआ फाइलमध्ये (लुआ ही केओरीडर ज्यात लिहिलंय ती संगणकभाषा) हाताने एखादी ओळ बदलली असेल, किंवा त्याच्याबरोबर आलेल्या प्लगइनमध्ये फेरफार केला असेल, तर तो पुढच्या अपडेटला गेलाच. यासाठी ‘पॅचेस’ नावाचा फोल्डर आहे. त्यात आपली लुआ फाइल ठेवायची, नावाच्या सुरुवातीला २ किंवा तत्सम अंक आणि आडवी रेघ. सुरू होताना केओरीडर त्या त्या टप्प्याला ती फाइल चालवतं, आणि अपडेट त्या फोल्डरला हात लावत नाही. पुस्तकाच्या मांडणीत बदल हवे असतील तर ‘स्टाइलट्वीक्स’ फोल्डरमध्ये मांडणीचे नियम लिहिलेली छोटी सीएसएस फाइल. मराठी पुस्तकांसाठी माझी एक फाइल कायम असते: परिच्छेदांमधली रिकामी ओळ काढायची आणि पहिली ओळ थोडी आत घ्यायची. अनेक मराठी ई-पुस्तकं टंकलेखन करून थेट रूपांतरित केलेली असतात, आणि दोन परिच्छेदांमध्ये अर्धं पान मोकळं पाहून जीव उबगतो.

वाचनाची जागा, अधोरेखितं, प्रत्येक पुस्तकाची वेगळी सेटिंग हे केओरीडर पुस्तकाशेजारी एसडीआर शेपटीच्या फोल्डरमध्ये ठेवतं. इथे एक खाच आहे. कॅलिबरमध्ये लेखकाचं नाव दुरुस्त करून पुस्तक पुन्हा पाठवलंत, तर कॅलिबर पुस्तक नव्या नावाने नव्या जागी ठेवतं आणि एसडीआर फोल्डर जुन्या जागी पोरका राहतो. अपडेट नाही, रिसेट नाही, तरी टिपणं गेली असं वाटतं. जुना फोल्डर शोधा, तिथेच असतात. हे टाळायचं असेल तर केओरीडरच्या सेटिंगमध्ये ही माहिती पुस्तकाशेजारी न ठेवता एका ठिकाणी ठेवण्याचा पर्याय आहे. बॅकअप घ्यायलाही तो सोपा पडतो.

देवनागरीबद्दल थोडं, कारण फॉन्ट टिकला तरी अक्षर नीट दिसेलच असं नाही आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. कोबो साधं ईपब (ई-पुस्तकांचा सर्वसामान्य प्रकार) एका इंजिनातून दाखवतो (अडोबीच्या) आणि केईपब (ईपबचाच कोबोचा स्वतःचा प्रकार) दुसऱ्या. साध्या ईपबमध्ये जोडाक्षरं फुटलेली, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर गेलेली दिसली तर फॉन्ट बदलत बसू नका, पुस्तक केईपब करून टाका. कॅलिबरमधून हे होतं. केओरीडरमध्ये अक्षरांची जुळणी हार्फबझ हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर करतं, तिथे हा प्रश्न येत नाही, आणि त्याच्याबरोबर नोटोचा एक देवनागरी फॉन्टही येतो, म्हणजे रिसेटनंतर पहिल्या मिनिटापासून मराठी वाचता येतं. शिवाय ते ड्राइव्हवरच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधले फॉन्टही उचलतं, त्यामुळे एकच संच दोन्हीकडे चालतो. संच निवडताना ‘मुक्त’, ‘शोभिका’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टपैकी काहीही घ्या, पण साधा, ठळक, तिरका अशा ज्या ज्या फाइल्स त्या कुटुंबात उपलब्ध आहेत त्या सगळ्या, मूळ नावानिशी ठेवा. रिसेटनंतर घाईत फक्त साधी फाइल परत टाकली जाते आणि मग मथळे ओबडधोबड दिसतात. आणखी एक: ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर पुस्तकाच्या माहितीत भाषा हिंदी लिहिलेली आहे का बघा. ती मराठी केली की ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो केओरीडरमध्ये आपलं वळण दाखवतो.

आता रिसेट. सेटिंगमधून केलेला रिसेट तुमचा भाग पुसतो. बटणं दाबून केलेला रिसेट त्याखेरीज प्रणालीही राखीव प्रतीवरून पुन्हा उभी करतो, त्यामुळे फर्मवेअरची आवृत्ती आधीपेक्षा जुनी झालेली असू शकते. तुमचा दुसऱ्या प्रकारचा होता. म्हणून पुन्हा उभारणी करताना क्रम महत्त्वाचा आहे. खातं वापरत असाल तर आधी खातं जोडा आणि अपडेट उतरत असेल तर ते पूर्ण होऊ द्या. आधी निकेलमेनू टाकून मग अपडेट घेणं म्हणजे उगाच दुप्पट काम. आवृत्ती स्थिर झाली की निकेलमेनू. रीडर सुरू होऊन मेनू दिसला की केओरीडरचा फोल्डर आणि डॉट-अ‍ॅड्समधल्या तुमच्या नोंदी. मग सेटिंगच्या फाइलमधल्या ओळी. मग फॉन्ट, शब्दकोश, चित्रं. मग कॅलिबरमधून पुस्तकं. पॅच करायचाच असेल तर आता, आणि आत्ता रीडरवर असलेल्या आवृत्तीचाच. दोन कोबोरूट एका वेळी टाकता येत नाहीत, नाव एकच आहे. एक टाका, ईजेक्ट, सुरू होऊ द्या, तपासा, मग दुसरा.

हे सगळं संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये असेल तर एका बैठकीत होतं. बॅकअप घेताना एकच काळजी: लपलेले फोल्डर दाखवण्याची सोय चालू करा, नाहीतर ‘सगळं निवडा’ म्हटलं तरी डॉट-कोबो आणि डॉट-अ‍ॅड्स मागेच राहतात आणि तुमच्याकडे फक्त पुस्तकांची प्रत येते, जी कॅलिबरमध्ये होतीच. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबा. आणि बॅकअप घेतलेला अख्खा डॉट-कोबो फोल्डर रिसेटनंतर जसाच्या तसा परत ओतू नका. त्यात जुन्या खात्याची नोंदणी, जुना विदासाठा, जुनी सेटिंग सगळं एकत्र आहे. विशेषतः नव्या फर्मवेअरवर तयार झालेला विदासाठा जुन्या फर्मवेअरवर टाकणं टाळाच. हवं तेवढंच वेचून घ्या: फॉन्ट, कस्टम-डिक्ट, स्क्रीनसेव्हर, सेटिंगमधल्या त्या दोन-तीन ओळी. डॉट-अ‍ॅड्स मात्र पूर्ण परत टाकायला हरकत नाही.

क्लारा एचडी वापरणाऱ्यांना एक जास्तीची सोय आहे. त्या यंत्राची साठवण आतल्या मायक्रो-एसडी कार्डावर आहे. पाठ उघडून कार्ड काढलं की संगणकावर त्याची अख्खी प्रतिमा घेता येते, प्रणालीच्या भागासकट, आणि काहीही बिघडलं तरी ती परत लिहिता येते. तुमच्यासारखं अडकलेलं यंत्र अशा वेळी रिसेटशिवाय वाचतं. उघडण्याची हिंमत आणि पातळ, बोथट साधन दोन्ही हवं.

याच प्रश्नात किंडलबद्दलही कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून थोडक्यात. तिथला हिशेब उलटा आहे. कोबोवर फोडायचं कुलूपच नाही. किंडलवर आधी जेलब्रेक, म्हणजे कंपनीचं कुलूप फोडणं, करावा लागतो आणि अपडेट आलं की ती वाट बुजलेली असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये आलेला विंटरब्रेक नावाचा जेलब्रेक किंडलच्या ५.१८.१ या आवृत्तीत बंद झाला. म्हणून कोबोवर मी अपडेटला घाबरू नका म्हणतो, आणि किंडलवर बदल करायचे मनात असेल तर आधी अपडेट थांबवा म्हणतो. नुसता मराठी फॉन्टच हवा असेल तर किंडलवरही काही फोडायची गरज नाही, २०१८ पासून तिथेही ‘फॉन्ट्स’ फोल्डर अधिकृतपणे चालतो.

राहिली तुमची अधोरेखितं. केओरीडरमध्ये केलेली असतील तर ती एसडीआर फोल्डरमध्ये होती आणि ड्राइव्हबरोबर गेली, कॅलिबरच्या त्या प्रतीत ती नाहीत. निकेलमध्ये केलेली असतील तर ती प्रत घेतल्या तारखेपर्यंतची सगळी तिच्यात आहेत. कोबोरीडर.एसक्यूलाइट ही फाइल रीडरवर परत टाकू नका, संगणकावरच उघडा. एसक्यूलाइट पाहण्याचं कुठलंही मोफत साधन चालेल. त्यात ‘बुकमार्क’ नावाचा तक्ता आहे. ‘टेक्स्ट’ या रकान्यात अधोरेखित ओळ, ‘अ‍ॅनोटेशन’मध्ये तुमचं टिपण, ‘व्हॉल्यूम आयडी’मध्ये पुस्तक. तो तक्ता सीएसव्ही करून काढा. एक्सेलमध्ये मात्र त्यावर दोनदा टिचकी मारून उघडू नका, देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील. ‘डेटा’मधून आयात करा आणि विचारलं की यूटीएफ-८ निवडा. पुढच्या वेळेसाठी कॅलिबरच्या ‘कोबो युटिलिटीज’ या प्लगइनमध्ये रीडर जोडला की विदासाठ्याची प्रत आपोआप घेण्याचा पर्याय आहे, तो चालू करून ठेवा. तुमच्याकडची जुनी प्रत बहुतेक त्यानेच घेतलेली असेल, तेव्हा त्याच फोल्डरमध्ये तिच्यापेक्षा नवी एखादी पडलेली आहे का तेही पाहून घ्या.